मातीत तेल किती चालेल? येळ्ळूर आणि खानापूरच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

बेळगाव जिल्ह्यातल्या येळ्ळूर शिवारात काळ्या मातीचे नमुने घेतले. रस्त्याकडेला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, त्याच्या मागं तात्यांचं भातशेत. बासमती कापून झालीय, ओलीवर टाकलेली मसूर दाट उभी आहे. कुंपणालगतची पट्टी मात्र मोकळी. तिथं लव्हाळासुद्धा विरळ. ढेकूळ फोडलं की आत काळपट तकाकी दिसते आणि जळक्या ऑइलचा वास येतो.

तात्या म्हणाले, "पाऊस पडला तरी पाणी मुरत न्हाई ओ मॅडम, वरच्या वर जातंय. भात येतंय खरं फुटवं धरत न्हाई. मसूर तर उगवतच न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही हे साफ करून देणार काय?"

नाही, असं स्पष्ट सांगितलं. आम्ही शोधतोय ते एवढंच: किती तेलापर्यंत ही माती मातीचं काम करते आणि कुठून पुढं करत नाही. प्रयोगशाळा मातीतलं तेल मोजून आकडा देईल, पण तो आकडा जास्त की कमी हे मातीत जगणाऱ्यांनाच विचारावं लागतं.

नमुने कुंपणापासून १, ३, ५, १० आणि २० मीटरवर, प्रत्येक ठिकाणी वरच्या १५ सेंटिमीटरचा आणि खालच्या १५ चा वेगळा. स्वच्छ माती म्हणून ओढ्याच्या वरच्या अंगाचा, त्याच पोताचा तुकडा निवडला. नमुने काचेच्या बरण्यांत भरले, झाकणाखाली फॉइल लावली. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं तर थोडं तेल पिशवीच पिऊन टाकते.

१९ जानेवारी

खानापूरच्या बाजूला गेलो. लाल, जांभ्याची माती. ही मुद्दाम घेतली, कारण जिल्हा एक असला तरी माती एक नाही. निपाणी-चिकोडी-अथणीकडे काळी, घाटाकडे सरकत गेलं की पाऊस वाढतो, चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. जागेवरच सामूची (pH) पट्टी बुडवून पाहिली. येळ्ळूरची सातच्या पुढं, ही सहाच्या खाली.

२ फेब्रुवारी

शेतातल्या नमुन्यांवरून थेट मर्यादा काढता येत नाही. कुंपणाजवळ तेल आहे, तसंच ट्रकच्या येण्याजाण्यानं दबलेली जमीन आहे, बॅटरीचं पाणी आहे, धुण्याचा सोडा आहे. त्यात तेलाचा वाटा किती, हे वेगळं करणार कसं? म्हणून स्वच्छ माती घेऊन तिच्यात मोजून तेल मिसळायचं ठरलं.

गॅरेजमधूनच जळकं ऑइल आणलं. फिटरनं हसत हसत कॅन भरून दिला. हे तेल एरवी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासायला लोक घेऊन जातात, आम्ही मातीत घालायला नेतोय याची त्याला गंमत वाटली. नवं तेल घेतलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण शेतात येतं ते वापरलेलं. त्यात इंजिनची झीज असते, तेलात मुळातच घातलेलं जस्त असतं, जळताना तयार झालेली बहुवलयी संयुगं असतात. नव्या तेलावरची मर्यादा इथं लागू पडणार नाही.

डोस: किलोमागे ०, २५०, ५००, १०००, २५००, ५०००, १०,००० आणि २५,००० मिलिग्रॅम. तेल थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवून आधी मूठभर मातीत मुरवलं, रात्रभर वाफ ओढणाऱ्या हुडखाली उडू दिलं, मग उरलेल्या मातीत कालवलं. नुसतं ॲसिटोन घातलेली एक बरणी वेगळी ठेवलीय, नाहीतर दोष कुणाचा हे कळणार नाही. ओल जलधारण क्षमतेच्या ६० टक्के. काळ्या मातीत तेल सारखं पसरवणं म्हणजे हाताची परीक्षाच, गुठळ्या फोडता फोडता विद्यार्थ्यांचे खांदे दुखले.

महिनाभर मुरू देणार. ताजं तेल आणि मुरलेलं तेल यांचा परिणाम वेगळा असतो.

६ फेब्रुवारी

बरण्या मुरेपर्यंत वाचन. विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे: जगात कुणी तरी आकडा ठरवलाच असेल, तोच का नाही घ्यायचा?

ठरवलाय. नेदरलँड्समध्ये खनिज तेलासाठी हस्तक्षेपाची पातळी किलोमागे ५००० मिलिग्रॅम आहे. पण हा आकडा १० टक्के सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीसाठी. माती तशी नसेल तर प्रमाणात बदलायचा, आणि २ टक्क्यांच्या खाली कितीही गेलं तरी हिशोब २ नंच करायचा. आमच्या काळ्या मातीचा सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्याला १.७२४ नं गुणलं तर सेंद्रिय पदार्थ एक टक्काही भरत नाही. म्हणजे त्यांचा स्वतःचा नियम लावला तरी ५००० चे १००० होतात. सेंद्रिय पदार्थ तेल धरून ठेवतो. तो कमी असला की तेवढंच तेल जिवांच्या वाट्याला जास्त येतं.

कॅनडानं आणखी बारीक काम केलंय. तेल एकच न मानता कार्बनच्या साखळीच्या लांबीवरून त्याचे चार गट पाडलेत. १६ ते ३४ कार्बनचा तिसरा गट आपल्या इंजिन ऑइलला जवळचा. शेतजमिनीच्या वरच्या थरासाठी त्या गटाची मर्यादा भरड मातीत ३०० आणि बारीक पोताच्या मातीत १३०० मिलिग्रॅम. देश एक, तेल एक, फक्त पोत बदलला तर आकडा चौपटीहून जास्त हलला. विद्यार्थ्यांना फळ्यावर हे दोन आकडेच लिहून दिले. येळ्ळूरची चिकणमाती आणि खानापूरची जांभ्याची माती एकाच रकान्यात का बसवायची नाही, याचं उत्तर त्यात आहे.

आमची पद्धत मात्र रशियातल्या रोस्तोवच्या मृदाशास्त्रज्ञांवरून घेतलीय. कोलेस्निकोव, काझीव, वालकोव या मंडळींनी मातीचा एकच एक जैविक निर्देशांक मांडला. विकरांची (एन्झाइमची) क्रिया, जिवाणूंची संख्या, हवेतला नत्र धरणारा ॲझोटोबॅक्टर जिवाणू, बियांची उगवण, मुळांची लांबी अशी मापं घ्यायची, स्वच्छ मातीतलं प्रत्येक माप १०० धरायचं आणि सगळ्यांची सरासरी काढायची. त्या सरासरीत ५ टक्क्यांपर्यंतच घट आली तर मातीची कामं शाबूत. घट ५ ते १० च्या दरम्यान असली तर माहितीवहनाची, म्हणजे जिवांना संकेत देण्याची कामं बिघडतात, १० ते २५ मध्ये जैवरासायनिक आणि रासायनिक, २५ च्या पुढं भौतिक कामंसुद्धा. १० टक्क्यांची घट ही मर्यादेची रेघ.

त्यांची माती चेर्नोझेम, आपली रेगूर. दोन्ही काळ्या, पण साम्य बरंचसं रंगापुरतंच. त्यांचा काळेपणा ह्युमसचा आहे, आपली माती काळी असून सेंद्रिय कर्बानं गरीब. पद्धत घेऊया, आकडे घ्यायचे नाहीत.

१६ फेब्रुवारी

कॅटालेजची रंगीत तालीम. कृती साधी: मातीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, सुटणारा ऑक्सिजन नळीत मोजायचा. जिवंत मातीत हे विकर जास्त, म्हणून वायू जास्त.

काळ्या मातीत वायू फारच जोरात सुटला. सगळे खूष. मग तीच माती ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेच्या भांड्यातून) काढली, १२१ अंशांवर, तीन दिवस रोज एकदा, कारण बीजाणू एका फेरीत मरत नाहीत. मेलेल्या मातीवर पेरॉक्साइड ओतलं, तरी बुडबुडे. हे मँगनीजचं काम. बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत मँगनीजची ऑक्साइडं असतात आणि ती कुठल्याही जिवाशिवाय पेरॉक्साइड फोडतात. तात्यांच्या शेतातले मोहरीएवढे काळे खडे वेगळे काढून एकटे बशीत ठेवले, त्यांच्यावर थेंब टाकताच फस्स करून फेस आला.

ठरलं: प्रत्येक डोसबरोबर निर्जीव मातीची जोडी लावायची आणि तिचं माप वजा करायचं. वजाबाकी न केलेलं कॅटालेज आमच्या तक्त्यात येणार नाही. या मापावर फार भिस्त ठेवायची नाही, हेही आजच लिहून ठेवते.

५ मार्च

महिना झाला, बरण्या उघडल्या. आधी डिहायड्रोजिनेज, जिवाणूंच्या श्वासाशी जोडलेलं विकर. मातीत टीटीसीचं बिनरंगी द्रावण घालून ३७ अंशांवर २४ तास अंधारात ठेवायचं. जिवाणूंचा श्वास चालू असेल तर लाल रंग तयार होतो, तो मिथेनॉलमध्ये उतरवून ४८५ नॅनोमीटरवर वाचायचा. स्वच्छ काळ्या मातीची नळी डाळिंबी झाली. २५०० पासून रंग उतरत गेला, २५,००० ची जेमतेम गुलाबी. मधेच दुपारी वीज गेली, इन्क्युबेटर थंड पडायच्या आत आली, पण तेव्हापासून नळ्या जोडीजोडीनं नव्हे, तिघी-तिघी लावतोय.

जिवाणूंच्या एकूण संख्येनं मात्र गोंधळ घातला. कमी डोसला ती घटली नाही, उलट वाढली. हे अनपेक्षित नाही. तेल हे काही जिवाणूंचं खाद्यच आहे. कार्बन फुकट मिळाला की ते माजतात आणि त्या भरात मातीतला नत्र ओढून घेतात, म्हणून पिकाला पिवळेपणा येतो. पण सरासरीत हा आकडा घातला तर काय होईल? मुळांची लांबी कमी झालेली असेल, जिवाणू वाढलेले असतील, दोन्ही मिळून बेरीज शंभराच्या जवळ, आणि कागदावर माती ठणठणीत.

जिवाणूंची एकूण संख्या सरासरीतून काढली. रोस्तोवच्या पद्धतीपासून एवढी फारकत आम्ही घेतो आणि अहवालात कारण लिहितो.

८ मार्च

ॲझोटोबॅक्टर. ॲशबीच्या नत्रविरहित माध्यमावर मातीचे ५० कण ओळीनं मांडायचे आणि किती कणांभोवती चिकट, बुळबुळीत वर्तुळ उठतं ते मोजायचं. येळ्ळूरच्या स्वच्छ मातीत जवळपास प्रत्येक कणाभोवती उठलं, डोस वाढत गेला तशी बशी रिकामी होत गेली. वाचायला सर्वांत सोपं माप. सहाय्यक म्हणाली, हे माप गावच्या शाळेतसुद्धा करता येईल.

खानापूरच्या मातीत मात्र शून्य. तेलाच्या बशीत शून्य, स्वच्छ बशीतही शून्य. ॲझोटोबॅक्टरला आंबट माती सोसत नाही, सामूच्या सहाखाली तो क्वचितच भेटतो. अशा मातीत त्याची जागा तसाच नत्र धरणारा बायजेरिंकिया घेतो. जो त्या घरात राहतच नाही, त्याच्या गैरहजेरीवरून घराची तब्येत ठरवता येत नाही. लाल मातीच्या यादीतून तो वगळला.

१२ मार्च

उगवण. चाचणीसाठी जगभर वापरतात ते गार्डन क्रेस म्हणजे आपलं अळीव. बाळंतिणीच्या लाडवाचं. शहापूरच्या किराणा दुकानातून पाव किलो आणलं आणि प्रयोगशाळेतल्या महागड्या बियाण्याच्या पाकिटाशी ताडून पाहिलं, उगवण सारखीच. दुकानदाराला वाटलं घरात पाळणा हलणार.

अळीव आणि मुळा दोन्ही लावले. उगवण लवकर हलत नाही. ५००० पर्यंत बहुतेक दाणे फुटतात, नुसती मोजदाद केली तर सगळं बरं दिसतं. पण रोप उपटून मूळ पट्टीवर धरलं की कळतं. स्वच्छ मातीतलं मूळ सरळ, पांढरं, केसाळ. २५०० मधलं आखूड, टोक तपकिरी, बाजूची मुळं नाहीतच. बी स्वतःच्या साठ्यावर उगवतं, मातीशी त्याची गाठ मुळापासून पडते. वजन मुळाच्या लांबीला द्यायचं.

त्यात पाण्याचा भाग वेगळा काढायला हवा. तात्या म्हणाले होते पाणी मुरत नाही. वाळवलेल्या मातीवर ड्रॉपरनं एक थेंब सोडला आणि घड्याळ लावलं. स्वच्छ मातीत थेंब लगेच गेला. पाच सेकंदांच्या आत मुरला तर माती पाणी घेणारी मानतात, मिनिटापेक्षा जास्त टिकला तर चांगलीच पाणी झटकणारी. १०,००० च्या मातीवर थेंब गोल उभा राहिला, अंगावर धुळीचा पापुद्रा ओढून घेतला आणि आम्ही चहा घेऊन आलो तरी तसाच होता. म्हणजे मोठ्या डोसला रोप विषानं मरतं की तहानेनं, हे एका चाचणीतून सांगता येत नाही. मर्यादा लहान डोसला ठरणार आहे, तिथं माती अजून पाणी घेते. म्हणून चाललं.

२२ मार्च

गांडुळं. एका शेतकऱ्याच्या गांडूळखताच्या शेडमधून आयसीनिया फेटिडा आणली, गळपट्टा आलेली प्रौढ तेवढी निवडून. डबा मधोमध पुठ्ठ्यानं विभागायचा, एका बाजूला तेलाची माती, दुसऱ्या बाजूला स्वच्छ, पुठ्ठा काढून रेघेवर दहा गांडुळं सोडायची, ४८ तासांनी पुन्हा पुठ्ठा घालून दोन्हीकडची मोजायची. ८० टक्क्यांहून जास्त स्वच्छ बाजूला गेली तर ती माती त्यांच्या राहण्याजोगी नाही.

मरण्याच्या कितीतरी आधी गांडूळ निघून जातं. १४ दिवसांच्या मृत्युचाचणीत जो डोस निरुपद्रवी दिसतो, त्याच डोसला ही चाचणी नाही म्हणते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं गांडूळ मेलं काय किंवा बांधापलीकडं गेलं काय, नांगराखाली ते नाहीच.

एक आक्षेप मीच नोंदवते. ही खतातली जात, शेतातली नव्हे. शेणाच्या मऊ ढिगातून थेट येळ्ळूरच्या चिकणमातीत आली की ती आधी मातीलाच नाक मुरडते. म्हणून तुलना त्याच पोताच्या स्वच्छ मातीशी केली, प्रमाणित कृत्रिम मातीशी नाही. पावसाळ्यात बांधावरची देशी गांडुळं धरून हीच चाचणी पुन्हा लावायची.

६ एप्रिल

हेक्झेननं तेल काढून वजन करण्याची पद्धत तपासली. स्वच्छ शेताच्या मातीतूनही थोडं "तेल" निघालं. शेणखतातली चरबी आणि मेण. सिलिका जेलमधून गाळल्यावर बरंच कमी झालं. तरी स्वच्छ मातीचा आकडा प्रत्येक वेळी शेजारी छापायचा.

२७ एप्रिल

येळ्ळूरला पुन्हा. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. कुंपणाजवळच्या एका भेगेच्या भिंतीवरून तेलाचा काळा ओघळ खाली गेलेला स्पष्ट दिसला. जानेवारीत खालच्या थरात तेल वरच्यापेक्षा कमी येईल असं धरलं होतं, बऱ्याच ठिकाणी ते तसं होतंही. पण भेगेतून वळवाच्या पहिल्या सरीबरोबर तेल थेट खाली जातं आणि वर भेग मिटते. वरच्या १५ सेंटिमीटरवर लावलेली मर्यादा काळ्या मातीत अपुरी आहे. खालचा थरही त्याच मर्यादेत बसला पाहिजे, अशी अट घालावी लागेल.

१८ मे

तात्यांकडं धूळवाफ पेरणीची तयारी चाललीय. आकडे दाखवायला गेलो. किलोमागे मिलिग्रॅम ऐकून ते म्हणाले, "मॅडम, डब्यात सांगा की."

मग डब्यात सांगितलं. गुंठ्याची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण २० टन भरते. काळ्या मातीची आमची रेघ, किलोमागे १००० मिलिग्रॅम, म्हणजे त्या गुंठ्यात २० किलो तेल, सुमारे २२-२३ लिटर. मोठ्या ट्रकच्या एका ऑइल बदलीत दहा-पंधरा लिटर सहज निघतं. दोन ट्रकांचं ऑइल एका गुंठ्यात गेलं की रेघ ओलांडली. तात्या थोडा वेळ गॅरेजकडं बघत बसले, मग म्हणाले, "दोन ट्रक तर सकाळच्या पारी होत्यात."

हा हिशोब गॅरेजमालकालाही सांगितला. त्यानं वाद घातला नाही. ऑइल बदलीच्या जागेखाली पत्र्याचा ट्रे बसवायचं कबूल केलंय. बघूया.

१० ऑगस्ट

अहवालाचा मसुदा. जुलैमध्ये केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं द्यायची आहे. आमचं काम त्या आधीच्या पायरीला उपयोगी पडावं, गावपातळीवर संशय घ्यायचा कधी, यासाठी.

काळ्या मातीत निर्देशांकाची १० टक्के घट १००० आणि २५०० च्या मध्ये पडते, लाल मातीत ५०० आणि १००० च्या मध्ये. मधला नेमका आकडा आलेखावरून काढता येतो आणि एका सहकाऱ्यानं दशांशासह काढूनही दिला, पण दोन डोसांमधली जागा आम्ही मोजलेली नाही. खालचा मोजलेला डोस हीच मर्यादा म्हणून लिहिली: येळ्ळूर काळी १०००, खानापूर लाल ५००, वापरलेल्या इंजिन ऑइलसाठी, महिनाभर मुरल्यानंतर. डिझेलला ती लागू नाही, त्यातले हलके घटक वेगळेच वागतात.

१००० हा आकडा डच हिशोबाशी जुळला म्हणून एक-दोघांना आनंद झाला. तो परिच्छेद मी खोडला. त्यांचा आकडा गंभीर दूषणाचा, हस्तक्षेप करायचा. आमचा आकडा काम बिघडायला लागतं तिथला. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एक आली, एवढंच.

आणखी एक वाक्य हट्टानं ठेवलंय: सरासरी मर्यादेत असली, पण गांडूळ-चाचणी किंवा मुळाची लांबी यांपैकी एक जरी रेघेखाली गेली, तरी जागा संशयित धरावी. समीक्षणात यावर कात्री चालेल. चालू दे, मांडणी तयार आहे.

७ सप्टेंबर

पुढच्या हंगामाची तयारी. भात कापल्यावर, मसूर टाकायच्या आधी, त्याच पाच अंतरांवर नमुने, या वेळी ४५ सेंटिमीटरपर्यंत. काळ्या मातीत १५०० आणि २०००, लाल मातीत ७५० हे मधले डोस लावायचे. अळिवाबरोबर मसूरही, आणि तिच्या मुळांवरच्या गाठी मोजायच्या. बांधावरची गांडुळं विद्यार्थ्यांनी धरून आणलीत, ओळख पटवून घ्यायची आहे. ट्रे बसलाय, पण त्यातलं ऑइल कुठं रिकामं होतं ते विचारायचं राहिलंय.